मधलं दार

अबकारी खात्याच्या साहेबांनी फरशीवर मगभर पाणी ओतून ते मोरीकडे धावतं का ते पाहिलं. टाक्यांभोवती एक फेरी मारली, गॅसच्या नळीला नाक लावलं, खिडकीची जाळी हलवून पाहिली. धाकट्या जावेचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच ते कोपऱ्यातल्या निळ्या दारापाशी येऊन थांबले.

"हे कुठे उघडतं?"

"घरात. आमच्या स्वयंपाकघरात."

"मग हे चालायचं नाही."

दाराच्या पलीकडे थोरली जाऊ भांडी पुसत उभी होती. फळीच्या फटीतून शब्द न् शब्द तिच्या कानावर पडत होता. साहेब रागावले नव्हते, उलट समजावून सांगत होते. जिथे बिअर बनते त्या जागेतून राहत्या घरात वाट असता कामा नये. कडी-कुलूप चालणार नाही. विटांनी बुजवायचं, दोन्हीकडून गिलावा करायचा. जायला-यायला एकच दार, रस्त्यावरचं.

"दोघींच्या नावानं अर्ज आहे ना? मग दोघींनी पुढच्या दारानं यायचं," साहेब म्हणाले. "सगळ्या जगासमोर."

थोरलीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. साहेब सहज बोलून गेले, पण बाण नेमका तिथेच लागला.

त्या जागेत तिचं अवघं आयुष्य गेलं होतं. ही दोघा भावांची बेकरी. थोरला भाऊ भट्टी सांभाळायचा, धाकटा गल्ल्यावर बसायचा, आणि दोघी जावा पहाटे त्या निळ्या दारातून आत येऊन पीठ मळायच्या. मग देवाने आधी एकाला नेलं, पाठोपाठ दुसऱ्याला. दोघी मागे राहिल्या. तरीही बेकरी चालली असती, पण कारखान्याच्या गाड्या आल्या, कागदात गुंडाळलेला पाव घरोघर पोचू लागला, आणि भट्टी दिवसाआड, मग आठवड्याआड पेटता पेटता एक दिवस पेटायची थांबली. धाकटी हातावर हात ठेवून बसली नाही. ती शहरातल्या मोठ्या ब्रुअरीत यीस्टच्या खोलीत कामाला लागली, आणि तिथून परत आली ती हा विचार घेऊनच.

"दारू?" थोरलीनं विचारलं होतं.

"बिअर."

"नाव बदललं की वास बदलतो होय गं?"

"जाऊबाई, पाव कशानं फुगतो? यीस्टनं. बिअर कशानं होते? यीस्टनं. तेच जीव. तिथे पिठात राहतात, इथे बार्लीच्या पाण्यात."

"पाव खाऊन कुणी बायकोला मारलेलं मी पाहिलं नाही."

यावर धाकटीनं मान डोलावली. मग म्हणाली, "मीही नाही पाहिलं. पण बिअर न पिता मारणारे पाहिलेत. मी हलकी करणार आहे, थोडीच करणार आहे. जेवताना एक पेला प्यावा आणि उठावं, अशी. मला दुसरं काही येत नाही, जाऊबाई. तुम्हाला तरी येतं का?"

थोरलीला येत नव्हतं. जागा दोघींची, म्हणून तिनं सही केली. "पण मी त्यात नाही," एवढं बजावून ठेवलं.

त्यात नाही म्हणणं सोपं, न राहणं अवघड. पहाटे जाग यायची आणि पाय निळ्या दाराकडे वळायचे. आधी नुसती झाडलोट केली. मग वेल्डर टाक्या घेऊन आला, तेव्हा सल्ला द्यायला उभी राहिली. टाकी आत जाईना, म्हणून पुढच्या दाराची चौकट काढावी लागली, आणि वेल्डरनं धाकटीची चांगलीच फिरकी घेतली. "ताई, लोक आधी दार मोजतात, मग टाकी घेतात. तुम्ही पाळणा आधी आणलात." पण माणूस कामाचा होता. टाकीची चकाकी बघू नका, आतला सांधा बघा, असं तो म्हणाला. सांध्यात खडबड राहिली की तिथे घाण धरते, आणि तिथून पुढची प्रत्येक खेप नासते. थोरलीनं बाही वर सारून आत हात घातला, पावाच्या साच्यावरून फिरवावं तसं बोट सांध्यावरून फिरवलं आणि म्हणाली, "इथे लागतंय." वेल्डरनं बॅटरी मारली. लागत होतं. बिचाऱ्यानं मुकाट्यानं पुन्हा घासलं.

टाक्या मोठ्या नव्हत्या. एक उकळायची, एक आंबवायची, शंकूसारख्या बुडाची, म्हणजे खाली बसलेला गाळ वेगळा काढता यावा. सोबत थंडाव्याचं यंत्र, दाबाची झडप आणि गॅसचा सिलिंडर. पण कागदांनी मात्र धाकटीच्या नाकी नऊ आणले. आधी सगळं सामान बसवा, फरशी करा, मोरी काढा, टाकीत किती मावतं ते मोजमापवाल्यांकडून प्रमाणित करून घ्या, मगच अर्ज पाहू. परवाना मिळेल की नाही ते मागाहून कळवू. "आधी जेवण करून ठेवा, मग चूल पेटवायची परवानगी देतो, अशातला प्रकार आहे," धाकटी म्हणायची. थोरली हसायची आणि तिला पाणी आणून द्यायची. निळ्या दारातून.

रस्त्यावर यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी थोरली कोपऱ्यापलीकडच्या प्रार्थनाघरात जायची. तिथे ती गाणं उचलायची, आणि मग बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. तिच्या आवाजात फार गोडवा होता असं नाही, पण म्हणताना ती स्वतःला विसरायची. तसं कुणी विसरलं की ऐकणारेही विसरतात. देवाला आणखी काय हवं? तिथली पोस्टातली बाई मोठी चौकस. तिनं एकदा विचारलंच, "तुमच्याकडे टाक्या कसल्या आल्या हो?"

"धाकटीच्या आहेत," थोरली म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी गाणं उचलताना तिचा सूर एक पट्टी खाली लागला.

आणि आता साहेब म्हणत होते, दार बुजवा.

साहेब गेल्यावर धाकटी आत आली. "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"दुसरा मार्ग नाही. दार राहिलं तर परवाना नाही. मी विचारून पाहिलं."

"बुजव ना मग. मला काय करायचंय? मी त्यात नाहीच मुळी."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. "त्यात नाही, तर रोज पहाटे बार्ली कोण मोजून ठेवतं? भुतं?"

थोरली पुन्हा भांडी पुसू लागली.

गवंडी पुढच्या आठवड्यात मोकळा होणार होता. तोवर दाराला कुलूप लावा, असं साहेब म्हणाले, आणि एका चाचणी खेपेची परवानगी त्यांनी दिली. ती तयार झाली की ते येऊन नमुना नेणार होते. मात्र परवाना हातात येईपर्यंत त्या खेपेतला थेंबही त्यांच्याविना बाहेर जाता कामा नये. विकायचं तर नाहीच, ओतून टाकायचं असलं तरी त्यांना बोलवायचं.

धाकटीनं खेप लावली. दळलेली बार्ली गरम पाण्यात भिजवली, गाळली, ते गोड पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून उकळलं, थंड केलं, टाकीत घेतलं, यीस्ट सोडलं. सगळं घर भिजल्या धान्याच्या वासानं भरून गेलं. थोरलीला तो वास इतका ओळखीचा वाटला की ती घटकाभर बंद दारापाशीच बसून राहिली.

दोन दिवसांनी धाकटीला प्रयोगशाळेच्या कामासाठी शहरात मुक्कामी जावं लागलं. निघताना तिनं कुलपाची किल्ली थोरलीच्या हातात ठेवली. "पाणी वाहिलं, जळका वास आला, तरच उघडा. बाकी कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतेय?"

त्या संध्याकाळी गारठा पडला. किल्ली आपल्याकडे म्हणून थोरली त्या गुरुवारी प्रार्थनेला गेली नव्हती. ती स्वयंपाकघरात बसली होती आणि पलीकडून यंत्राची घरघर ऐकू येत होती. थंडाव्याचं यंत्र, आणि तेही असल्या गारठ्यात. तिला राहवेना. तिनं कुलूप काढलं, आत गेली आणि टाकीला हात लावला. पोलाद गार, अगदी मेल्यासारखं गार.

आता तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत, कोण जाणे. पण तिची उभी हयात एकाच गोष्टीत गेली होती. यीस्टला ऊब लागते. गारठ्यात कणीक मरते. हिवाळ्याच्या रात्री पिठाच्या पराती भट्टीजवळ सरकवायच्या, वर ओलं फडकं, त्यावर घोंगडं. स्वतःच्या अंगावर पांघरूण नसलं तरी चालेल, कणकेला हवं. थोरल्याला बरं नसायचं तेव्हाही ती आधी कणीक बघायची, मग त्याला. तिला वाटलं, धाकटी घाईत निघाली, यंत्र जास्त फिरवून गेली असणार. आत ते जीव काकडताहेत आणि आपण भिंतीपलीकडे शेगडीपाशी बसलोय.

तिनं यंत्र बंद केलं. घरातून दुलई आणली, टाकीभोवती घट्ट गुंडाळली, वरून दोरी बांधली. आंबताना निघणारी हवा नळीतून खालच्या पाण्याच्या बरणीत जात होती. काही वेळानं तिथले बुडबुडे भराभर यायला लागले. थोरलीचा चेहरा खुलला. ती पिंपावर बसली आणि कणकेपाशी बसून म्हणायची तसं गुरुवारचं गाणं म्हणू लागली. मोकळ्या आवाजात, डोळे मिटून.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. प्रार्थनाघराकडून परतणाऱ्या दोघीतिघी बोलत चालल्या होत्या. त्यात पोस्टातल्या बाईचं हसू तिनं ओळखलं. आणि देवाचं नाव तोंडात असताना थोरलीनं आवाज खाली आणला. पावलं लांब जाईपर्यंत ती नुसते ओठ हलवत राहिली. मग गाणं पुढे गेलंच नाही. दार लावून ती घरात येऊन झोपली, पण झोप कसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज नाही. शेवटी थोरलीच निळ्या दारातून डोकावली. बरणीतून फेस उसळून फरशीवर पसरला होता, नळी उडून पडली होती, दुलई चिकट पाण्यानं लडबडली होती. धाकटी तापमापकाकडे बघत उभी होती.

"जाऊबाई, हे काय?"

"गार पडली होती गं. मेली असती."

"अहो, ती गारच ठेवायची असते!" धाकटी ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "पावाला ऊब लागते, कारण तो घटकाभरात फुगायला हवा. हिला सावकाश व्हायचं असतं. ऊब मिळाली की यीस्ट नुसतं धावत सुटतं आणि धावता धावता नको ते सोडतं. मी तुम्हाला हे सांगितलंच नाही का?"

"मी विचारलं नाही. मी त्यात नव्हते ना."

धाकटी मटकन पिंपावर बसली. एकदम तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "तीस वर्षं माझ्या अंगावर कधी पांघरूण घातलं नाहीत, आणि टाकीला दुलई!"

"तू कणीक असतीस तर घातलं असतं," थोरली म्हणाली. मग दोघींनी फडकी घेतली. फेस पुसून काढला.

टाकी पुन्हा गार केली, पण झालेलं परत फिरत नाही. बिअर तयार झाल्यावर धाकटीनं पेल्यात काढली, हुंगली, घोटभर घेतली आणि तोंड वाकडं केलं. रंगाच्या डब्यासारखा वास, घशात आग. थोरलीनं चव घेतली नाही, पण वासानं तिलाही कळलं.

"साहेबांचा नमुना पास होईल," धाकटी हळूच म्हणाली.

"असा?"

"प्रयोगशाळेत किती कडक आहे ते मोजतात, जंतू मोजतात, विषारी काही आहे का बघतात. ते सगळं ठीकच निघेल. चव कुणी मोजत नाही." ती पेला हातात फिरवत राहिली. "पास झाली की परवाना. नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा चाचणी, सगळं पुन्हा. पुढच्या खेपेपासून चांगली करूच की आपण."

थोरली टाकीपाशी उभी होती. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. ही दारू आहे, नासली तर नासू दे, देवानेच नासवली असं तिला वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आला तो करपलेल्या पावांचा ढीग. थोरल्यानं एकदा ते निम्म्या भावात काढू या म्हटलं होतं, आणि तिनं भट्टीचं दार लावून घेतलं होतं.

"आपण कधी कच्चा पाव विकलाय?" तिनं विचारलं.

"हा पाव नाही, जाऊबाई."

"माझ्या हातून बिघडला, म्हणजे माझाच. लोक आपल्या हातचं विश्वासानं तोंडात घालतात. आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. देवाला दिसतं आणि आपल्याला. साहेबांना बोलव. ओतून टाकू."

साहेब आले. त्यांनी पेला हुंगला आणि भुवया उंचावल्या. "तरी पास झाली असती हो."

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली.

"मग कारण काय लिहू?"

धाकटी बोलणार, तोच थोरली पुढे आली. "लिहा, मी यंत्र बंद केलं आणि दुलई गुंडाळली. या दारानं आले मी. हिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. "बाई, हा नियम आम्ही कशासाठी केलाय माहीत आहे? घरातल्या वाटेनं गुपचूप माल बाहेर जाऊ नये म्हणून."

"मी काही नेलं नाही हो. उलट घरातली दुलई घालवून बसले."

साहेबांच्या मिश्यांखाली हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. कागद पूर्ण केला. अर्ज मागे पडेल, आधी दार बुजवावं लागेल, मग नवी चाचणी, असं सांगितलं. तोटी उघडली आणि पिवळसर फेसाळ पाणी मोरीत वाहू लागलं. तिघंही ते संपेपर्यंत उभी राहिली. कुणाच्या अंत्ययात्रेला उभं राहावं तशी.

निघताना साहेबांनी सहज विचारलं, "दार बुजल्यावर तुम्ही कुठून येणार?"

थोरलीनं निळ्या दाराकडे पाहिलं. गुपचूप नेण्यासाठीच दार लागतं असं नाही. गुपचूप येण्यासाठीही लागतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. चोरी तर तिनं केली नव्हती. पण देवाच्या घरी एक आणि कामाच्या घरी दुसरी, अशा दोन बाया त्या निळ्या दारानं सुखानं वेगळ्या ठेवल्या होत्या.

गवंडी आला. संध्याकाळपर्यंत दाराच्या जागी ओला गिलावा उभा होता. थोरलीनं स्वयंपाकघरातून त्यावर हात ठेवून पाहिला. पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढचे दिवस तिचे जाता जाईनात. पहाटे उठायची, भिंतीपाशी बसायची. धाकटी पुढच्या दारानं घराबाहेर पडायची, कोपऱ्याला वळसा घालून ब्रुअरीत जायची, दुपारी दमून यायची. "या" असं तिनं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर थोरलीला रागावायला तरी जागा मिळाली असती.

गुरुवारी ती प्रार्थनेला गेली. गाणं उचललं, आणि अर्ध्यावर तिला वाटलं, आपण आवाज खाली आणलाय. आज तर कुणी चोरून ऐकत नव्हतं. तिनं मनातल्या मनात देवाला विचारलं, की तुला हे काम नको असेल तर मला सांग, मी सोडते. पण तुला चालत असेल आणि मीच लाजत असेन, तर मग ही लाज कुणाची? उत्तर आलं नाही. येत नाहीच सहसा. गाणं मात्र तिनं शेवटपर्यंत नेलं.

नव्या चाचणी खेपेच्या सकाळी ती उठली, केस विंचरले, पायात चपला घातल्या आणि घराचं पुढचं दार उघडून रस्त्यावर आली. चांगलं ऊन पडलं होतं. कोपऱ्यावर पोस्टातली बाई पोस्टाचं कुलूप उघडत होती.

"एवढ्या सकाळी कुठे निघालात?"

"कामाला."

"कसलं काम?"

थोरली थांबली. "बिअरचं. आमच्या बेकरीत आम्ही दोघी बिअर करतो. धाकटीच्या टाक्या असं मी सांगितलं होतं ना? माझ्याही आहेत."

पोस्टातल्या बाईची किल्ली कुलपातच राहिली. "आणि गुरुवारी गाणार?"

"तुम्ही मागून म्हणणार असाल तर गाणार. नाही तर एकटी गाईन."

पोस्टातली बाई काय बोलली ते तिनं थांबून ऐकलं नाही. पाय नेहमीसारखे चालत होते. वळसा तसा छोटाच होता. कोपरा, मग पाच-सहा घरं, मग ते रुंद केलेलं दार.

आत धाकटी थंडाव्याच्या नळ्या जोडत वाकली होती. तिनं मान वर केली, थोरलीकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या उघड्या रस्त्याकडे पाहिलं. नवल दाखवलं नाही.

"चपला काढा. कपाटात बूट आहेत, ते घाला. फरशी ओली आहे."

"आणि मग?"

"मग हात धुवा, कोपरापर्यंत. आणि इकडे या. किती गार म्हणजे किती, ते आज आधी सांगते."

थोरली बूट घालू लागली. "सगळं सांग गं," ती म्हणाली. "मधेच थांबू नकोस. मी विचारणार आहे."